पाणी भरून ठेवलेलं घर आणि रांगतं बाळ

सोलापूरकरांच्या घरात पाणी साठवलेलं असतंच. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याच्या दिवशी मोरीतलं पिंप, बादल्या, घागरी, जे रिकामं दिसेल ते भरून घ्यायचं. माझी सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली, तेव्हा मी पाळण्याच्या आधी मोरीकडे वळले.

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात रांगू लागतं, मग कशालाही धरून उभं राहतं. खरी काळजी तेव्हापासून. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीच्या काठाला धरून पोर आत वाकलं की तोल डोक्याकडे जातो, पाय वर होतात. भरलेली बादली कलंडत नाही आणि स्वतःला वर उचलण्याइतकी ताकद हातांत नसते. बुडायला दोन इंच पाणीही पुरतं. मूल बुडताना ओरडेल अशी आपली समजूत असते. पण तोंड पाण्यात गेल्यावर ओरडणार कसं? शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही कळत नाही, आणि आई फोडणी घालून येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मोरीच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी बसवून घेतली. पिंपाला फिरवून बसणारं झाकण आणलं. नुसती ताटली किंवा फळी ठेवून भागत नाही, मूल ती सरकवतं. काम झालं की बादली उपडी करायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावली. या झाकणाचा आणखी एक उपयोग आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात त्यांचे डास होतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायलाच हवं.

पाणी तापवायची हिटरची कांडी मी माळ्यावर टाकली. बादलीत कांडी सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागतो. शॉक आणि भाजणं, दोन्ही तिथेच.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला मावशी येतात. त्यांचा हात चांगला, अनुभव मोठा. त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम मिसळायचं आणि कोपर बुडवून पाहायचं. बाळाची कातडी पातळ असते, आपल्याला सोसणारं पाणी तिला भाजतं. दुसरं, नाकात-कानात तेल नको.

“ताई, आमच्या सगळ्या पोरांना घातलंय की,” त्या म्हणाल्या.

“मावशी, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. अशी बाळं मी वॉर्डात सांभाळली आहेत.”

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. अंगाला तेल लावायला माझी काहीच हरकत नव्हती, आणि तेही त्यांना सांगितलं.

ओवा-वावडिंगाच्या धुरीवर मात्र माझं मत ठाम आहे. दारं-खिडक्या लावून खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, दिसतही नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने बाळंतिणीला द्यावा. बाळाला उताणं झोपवावं, सपाट गादीवर. उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची तर नकोच. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

एवढं करूनही मूल पाण्यात पडलंच, तर त्याला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोटही दाबू नका. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करावा लागतो, आणि दुसऱ्या कुणीतरी तेव्हाच 108 ला फोन करायचा असतो. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हाताने करून शिकावं लागतं. बाळ घरी येण्याआधी आईबाबांनी आणि दिवसा बाळाजवळ राहणाऱ्या आजी-आजोबांनी हे शिकून घ्यावं. आणि पिंपाचं झाकण आजच आणावं.