ओवारेचा पट आणि खुली आज्ञावली

घानातील अकान समाजात ओवारे या नावाने, आणि आयव्हरी कोस्ट व नायजेरिया या देशांत इतर नावांनी, पिढ्यानपिढ्या खेळला जाणारा खेळ हा मंकाला कुळातील, म्हणजे खळग्यांत बिया पेरत जाऊन त्या जिंकण्याच्या खेळांपैकी एक आहे. समोरासमोर सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक खळग्यात ४ याप्रमाणे ४८ बिया एवढेच त्याचे साहित्य असून, मराठी मुली ज्यांना सागरगोटे म्हणून झेलत आल्या, त्याच काटेरी वेलीच्या बिया तेथे परंपरेने वापरल्या जातात. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेल्या गेलेल्या आफ्रिकनांबरोबर हा खेळ कॅरिबियन बेटांवर पोहोचला आणि अँटिग्वा व बार्बाडोस येथे तो वॉरी या नावाने टिकून राहिला.

खेळाडू आपल्या बाजूच्या एका खळग्यातील सर्व बिया उचलतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढील खळग्यांत एकेक टाकत जातो. शेवटची बी प्रतिस्पर्ध्याच्या खळग्यात पडून तेथील संख्या २ किंवा ३ झाली, तर त्या बिया, आणि लगतच्या मागील खळग्यांतही तेवढ्याच झाल्या असतील तर त्याही, चाल करणाऱ्याच्या होतात. ज्याच्याकडे २५ बिया जमतात तो जिंकतो. मात्र समोरच्याची बाजू रिकामी असेल आणि त्याच्याकडे बी पोहोचवणारी चाल शक्य असेल, तर तीच खेळावी लागते. प्रतिस्पर्ध्याला उपाशी ठेवू नये हा संकेत येथे नियमातच मुरलेला आहे, आणि ओवारेचे खरे सौंदर्य बहुधा यातच आहे.

याच संकेतातून संगणकासाठी खेळ लिहिणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न उभा राहतो. एकाच चालीत प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या बिया जिंकता येत असतील तर काय करावे, याविषयी एकमत नाही: काही ठिकाणी अशी चाल निषिद्ध आहे, काही ठिकाणी ती खेळता येते पण एकही बी मिळत नाही, तर काही ठिकाणी शेवटच्या खळग्यातील बिया सोडून द्याव्या लागतात. पटाभोवती बसलेल्या माणसांत असा मतभेद बोलून मिटतो. यंत्राला मात्र एकच निर्णय आधी सांगून ठेवावा लागतो. बंद आज्ञावलीत हा निर्णय दृष्टीआड राहतो आणि खेळणाऱ्याला तोच एकमेव शास्त्रशुद्ध नियम वाटू लागतो. मुक्त स्रोत आज्ञावलीत, म्हणजे जिचा मूळ संकेत कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो अशा आज्ञावलीत, तो निर्णय उघड असतो आणि ज्याच्या गावी वेगळी रीत आहे त्याला ती तेथे लिहिता येते. मौखिक परंपरेने टिकलेल्या खेळासाठी हीच मोकळीक सर्वांत योग्य ठरते.

अशा आज्ञावल्या आज उपलब्ध आहेत. जीपीएल या मुक्त परवान्याखालील ‘आउआले’मध्ये संगणकाविरुद्ध ओवारे खेळता येतो, तसेच डाव नोंदवून त्यांचे विश्लेषणही करता येते, मुलांसाठीच्या ‘जीकॉम्प्री’ या मुक्त शैक्षणिक संचात ओवारेचा समावेश आहे, तर संशोधकांसाठीच्या ‘ओपनस्पील’ या २०१९ मधील खुल्या संग्रहात तो बुद्धिबळ व गो यांच्या शेजारी बसला आहे.

अशा खेळांतील आज्ञावल्यांची रूढ विचारपद्धत समजण्यास अवघड नाही. एका वेळी फार तर सहा चाली शक्य असतात. त्या प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याचे सर्वोत्तम उत्तर कोणते, त्यावर पुन्हा आपले उत्तर कोणते, अशी शक्यतांची झाडासारखी रचना संगणक तपासत जातो आणि ज्या फांद्यांतून निष्पन्न काही होणार नाही हे सिद्ध झालेले असते त्या छाटून टाकतो. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी उलट वाट धरली. डावाच्या अखेरच्या स्थितींपासून मागे मागे येत, १४४ प्रोसेसर सुमारे ५१ तास चालवून, त्यांनी या खेळाच्या सुमारे ८८,९०६ कोटी स्थितींचा निकाल काढला आणि दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास डाव बरोबरीत सुटतो हे सिद्ध केले. हा निकाल अर्थातच त्यांनी स्वीकारलेल्या नियमांपुरता आहे, आणि कोणत्याही माणसाला एवढे कोष्टक स्मरणात ठेवणे शक्य नसल्याने पटावरची चुरस त्याने कमी होत नाही.

आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी याहून अवघड काम पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, विशेषतः झांझिबारमध्ये, खेळल्या जाणाऱ्या बाओ या मंकाला कुळातीलच खेळाचे आहे. त्यात चार ओळी, ३२ खळगे आणि ६४ बिया असतात. पूर्ण प्रकारात प्रत्येक खेळाडू आरंभी २२ बिया हाती राखून त्या एकेक करून पटावर आणतो, आणि एक पेरणी संपली तेथूनच दुसरी सुरू होऊ शकत असल्याने एकाच चालीचा शेवट मनात मोजणेही कठीण जाते. हे नियम ग्रंथांपेक्षा तेथील निष्णात खेळाडूंच्या अंगवळणी अधिक पडलेले आहेत. म्हणून बाओची आज्ञावली लिहिणाऱ्याने त्यांच्याशेजारी बसून ती लिहावी आणि तिचा मूळ संकेत त्यांना दुरुस्त करता येईल असा खुला ठेवावा.