मरुभूमीतील एक दिवस : गुग्गुळाच्या झुडपापाशी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आचार्यांनी निरनिराळ्या वर्गांतील अग्र्य भावांची दीर्घ गणना केली आहे. तीत आरोग्यदायी देशांमध्ये मरुभूमीला अग्रस्थान दिले असून अहितकर देशांमध्ये आनूप देश सर्वांत पुढे ठेवला आहे. विद्यार्थिदशेत ही यादी आपण सर्वांनीच मुखोद्गत केलेली असते. प्रस्तुत लेखकाचा जन्म कोकणातील आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांचा व्यवसायही तेथीलच. म्हणजे ज्याला आचार्यांनी अहितकर ठरविले त्या आनूप देशातच सारी हयात गेली. ज्या भूमीची प्रशस्ती आपण पाठ केली ती एकदा डोळ्यांनी पाहावी, ही इच्छा फार दिवसांची होती. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात ती पूर्ण झाली.

राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मरू राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. १९८० च्या सुमारास त्याला संरक्षण लाभले. आम्ही सहा जण होतो : चार चिकित्सक, द्रव्यगुण विषयाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि एक औषधीनिर्माते. वनविभागाचा परवाना, एक उघडी जीप, चालक आणि त्याच भागातील एका ढाणीत वाढलेला वाटाड्या, एवढाच सरंजाम. या सहलीसाठी संख्या थोडी असावी असा आग्रह तेथे धरला जातो. मोठा जमाव झाला की प्राणी दूर जातात आणि वाटाड्याचे बोलणेही सर्वांपर्यंत पोहोचत नाही. मातकट रंगाचे कपडे, डोक्याला जाड वस्त्र, पुरेसे पाणी आणि मौन ही पथ्ये त्याने आदल्या रात्रीच सांगून ठेवली होती.

जांगल देशाचे प्रत्यक्ष दर्शन

पहाटे साडेपाचला जैसलमेर सोडले तेव्हा हातांची बोटे गारठली होती. दुपारी त्याच हातांनी डोळ्यांवर सावली धरावी लागली. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्यांचे चित्र मनापुढे येते. वस्तुतः या उद्यानात टेकड्यांनी व्यापलेला भाग सुमारे एक पंचमांशच आहे. उरलेली भूमी खडकाळ पठारे, मुरमाड सपाटी, खाऱ्या पाण्याच्या सुकलेल्या खोलगट जागा आणि सेवण गवताची कुरणे यांनी बनलेली आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायात जांगल देशाचे जे वर्णन केले आहे त्यातील आकाशासारखी समता, विरळ व काटेरी वृक्ष, अल्प पर्जन्य, विहिरीझऱ्यांचे पाणी, दारुण उष्ण वारा, दूरदूर असलेल्या लहान टेकड्या आणि कृश परंतु चिवट शरीराची माणसे यांपैकी एकही लक्षण येथे शोधावे लागत नाही. जैसलमेरला वर्षभरात सरासरी २०० मिलीमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आमच्याकडे तेवढा पाऊस आषाढात दोन दिवसांत पडून जातो.

निघंटूतील नावे एकेक करून पुढे येऊ लागली. शमी तेथे खेजडी म्हणून ओळखली जाते. करीर म्हणजे केर. पाने जवळजवळ नाहीतच, केवळ हिरव्या काटेरी फांद्यांचा गुंता. पीलूला जाळ म्हणतात. वाळत आलेल्या वेलींवर इंद्रवारुणीची पिवळी फळे चेंडूंप्रमाणे वाळूत विखुरली होती. अर्काला मात्र ओळख करून द्यावी लागली नाही. एका वळणावर रोहिड्याचा वृक्ष केशरी-पिवळ्या फुलांनी भरून उभा होता. प्राध्यापकांनी जीप थांबवावयास लावली. रोहीतक म्हणून उत्तरेत हाच टेकोमेला अन्ड्युलाटा घेतला जातो, दक्षिणेत अफानामिक्सिस पॉलिस्टॅकिया, आणि आपल्या बाजारात ‘रक्तरोहिडा’ मागितला असता बहुधा तिसरीच साल हाती पडते, हे त्यांनी सांगितले. रोहीतकारिष्ट नियमितपणे देणाऱ्या आम्हा चौघांपैकी एकानेही हा वृक्ष पूर्वी पाहिलेला नव्हता.

सुदासरी

जैसलमेरपासून सुमारे साठ किलोमीटरवर सुदासरी येथे माळढोकांसाठी कुंपण घालून राखलेला गवताळ भाग आहे. अर्धा तास निःशब्द बसल्यावर वाटाड्याने बोट दाखविले. गवतात दोन उंच माना संथपणे चालत होत्या. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा अत्यंत वजनदार गणला जातो. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. समोरचे पाहण्याची त्याची दृष्टी अधू असल्याने मोकळ्या माळावरील विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत, आणि भारी शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. या तारांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये आदेश दिला व मार्च २०२४ मध्ये त्यात फेरबदल केला. सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे केंद्र चालू आहे. देशात आता दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. आपल्या सोलापूरजवळील नान्नजचे अभयारण्य याच पक्ष्यासाठी १९७९ साली स्थापन झाले होते. आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे.

ऊन तापल्यावर एका बिळाच्या तोंडाशी सांडा दिसला. गवत व पाने खाणारा हा निरुपद्रवी सरडा वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याची चरबी वितळवून केलेले ‘सांड्याचे तेल’ जत्रांत व रस्त्यांवर वातविकारांवर आणि वाजीकरणासाठी विकले जाते. वाटाड्याने विचारले, “वैद्यजी, हे तुमच्या शास्त्रात आहे का?” आम्ही सर्वांनी एकमुखाने नाही म्हटले. ते उत्तर देताना आपण फार सुखरूप ठिकाणी उभे आहोत, असे वाटले. ही समजूत अवघे तीन तास टिकली.

मोडलेली फांदी

दुपारी वाटाड्याच्या नातेवाइकांच्या ढाणीत बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक असे भोजन झाले. परतीच्या वाटेवर एका खडकाळ उतारापाशी जीप थांबली. कमरेएवढ्या उंचीची, वेडीवाकडी, पर्णहीन झुडपे दूरदूर उभी होती. राखाडी साल कागदासारखी सुटत होती आणि तिच्याखाली हिरवा रंग दिसत होता. फांद्यांची टोके काट्यांसारखी टोकदार. कोणी सांगितले नसते तर वाळलेले सरपण समजून आम्ही पुढे गेलो असतो. तो गुग्गुळ होता, कॉमिफोरा वायटी.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. गंध पाहावा म्हणून मी वीतभर फांदी मोडली. संरक्षित क्षेत्रात काडीही तोडावयाची नाही हे सकाळीच सांगितले गेले होते. तरीही हात पुढे झाला. फांदीच्या टोकाशी चिकट थेंब जमला आणि तो परिचित सुगंध आला. वाटाडा काही क्षण बोलला नाही. नंतर फांदी माझ्या हातातून घेऊन म्हणाला, “साहेब, हिला एवढी व्हायला पाच पावसाळे लागले असतील. आषाढात मोडली असती तर लावली असती. आता ही वाळणार.” त्याने वर्षे मोजली नाहीत, पावसाळे मोजले; कारण तेथे काही वर्षे पावसाळा येतच नाही.

मग तो बोलत राहिला. त्याच्या आजोबांच्या वेळी या उतारावर गुग्गुळ दाट होता. त्या वेळी हिवाळ्यात खोडाला उथळ खाच देत, आपोआप पाझरलेला डिंक गोळा करीत आणि पुढे झाडाला विश्रांती देत. मागणी वाढल्यावर बाहेरचे लोक आले. त्यांनी खोल घाव घातले आणि डिंक भरपूर सुटावा म्हणून त्या घावांत रासायनिक द्रव्ये भरली. अशा झाडातून एका हंगामात पुष्कळ डिंक निघतो आणि त्यानंतर बहुधा ते मरते. जेथे ओरण आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली, जिच्यात कुऱ्हाड चालत नाही अशी भूमी, तेथे अजून काही झाडे टिकून आहेत. आपल्याकडील देवराया आठवल्या. शेवटी त्याने साधेपणाने विचारले, “हा डिंक कोण घेतो?” सांड्याच्या वेळी तत्परतेने उत्तर देणारे आम्ही सहाही जण गप्प राहिलो.

गुग्गुळाची पुनरुत्पत्ती मुळातच मंद आहे. बियांची उगवण कमी, वाढ संथ, आणि डिंक घेण्याजोगे होण्यास झुडपाला आठ ते दहा वर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत २०१५ च्या मूल्यांकनानुसार ही वनस्पती ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे. नामशेष होण्याच्या आधीचा तो शेवटून दुसरा टप्पा समजावा. त्यापुढे ‘केवळ लागवडीत शिल्लक’ एवढेच उरते.

एका रुग्णाचा हिशेब

सायंकाळी जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवरील आकल येथे गेलो. तेथे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची शिळा झालेली खोडे जाळ्यांखाली जपून ठेवली आहेत. कधीकाळी येथे दमट हवेतील घनदाट अरण्य होते. म्हणजे आपल्या परिभाषेत आनूप देशाचा जांगल देश झाला. त्या परिवर्तनास कोट्यवधी वर्षे लागली. दुपारच्या उतारावरील झाडे मात्र तीन पिढ्यांत विरळ झाली होती. तेथील एका कट्ट्यावर बसून औषधीनिर्मात्या स्नेह्यांनी खिशातून कागद काढला आणि आम्ही पुढील हिशेब मांडला.

योगराज गुग्गुळाच्या २५० मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा दिल्यास दैनिक मात्रा दीड ग्रॅम होते. कल्पात गुग्गुळाचा अंश निम्मा धरला तर प्रतिदिनी ७५० मिलीग्रॅम, आणि तीन महिन्यांत सुमारे ६८ ग्रॅम. शोधनात निघून जाणारी माती, साल व काडीकचरा जमेस धरल्यास कच्चा माल याहून अधिक लागतो. नीट वाढलेल्या झुडपापासून एका हंगामात साधारणतः पाव ते अर्धा किलो डिंक मिळतो. पाव किलो धरल्यास दहा वर्षे वाढलेल्या एका झुडपाचे एका हंगामाचे उत्पन्न संधिवाताच्या तीन ते चार रुग्णांना तीन महिने पुरते. कैशोर, त्रिफळा, गोक्षुरादी, कांचनार हे कल्प यात धरलेले नाहीत. ज्याने त्याने आपल्या चिकित्सालयातील रुग्णसंख्येने हा आकडा गुणून पाहावा.

हा लेख गुग्गुळाचा त्याग सुचविण्यासाठी नाही. मेदोरोगावरील सुश्रुतोक्त विचाराचा धागा धरून बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली आपला प्रबंध सादर केला, आणि तेथून या द्रव्याकडे आधुनिक संशोधनाचे लक्ष वळले. त्यानंतरचे सर्वच निष्कर्ष एकसारखे नाहीत. तरी वातरक्त, आमवात, मेदोविकार यांत या द्रव्याला पर्याय शोधणे सोपे नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. म्हणूनच ते टिकविण्याची जबाबदारी इतर कोणाहूनही आपलीच अधिक ठरते.

आपल्याला काय करता येईल?

पहिली गोष्ट, मालाचा उगम विचारणे. डिंक वन्य की लागवडीचा, कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या पद्धतीने काढलेला, हे प्रश्न आपण पुरवठादारास क्वचितच विचारतो. भाव आणि शुद्धता यांपुरतीच चौकशी होते, आणि शुद्धतेच्या बाबतीतही सालईचा वा अन्य डिंक मिसळलेला माल अनेकदा पदरी पडतो. खरेदीदाराने उगम विचारला तरच विक्रेता तो नोंदवू लागेल.

दुसरी गोष्ट औषधीनिर्मात्यांसाठी. गुग्गुळ पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या वीतभर-दीड वीत खोडाच्या कांड्यांपासून तयार होतो. त्याला पाणी अत्यल्प लागते; निचऱ्याची खडकाळ जमीन चालते. परंतु दहा वर्षे उत्पन्नाविना थांबणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. काही निर्मात्यांनी एकत्र येऊन दीर्घ मुदतीचा खरेदी करार केला आणि प्रारंभीच्या वर्षांत काही अग्रिम रक्कम दिली, तर हा पेच सुटू शकतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून कार्यरत आहे. लागवडीच्या योजनांची माहिती तेथून घेता येईल.

तिसरी गोष्ट आपल्या लेखणीतील. नवीन गुग्गुळ बृंहण व वृष्य, तर जुना अतिलेखन, असा भेद भावप्रकाशाने केलेला आहे. पाच प्रकार सांगून त्यांतील कोणता हत्तीस, कोणता अश्वास आणि कोणता मनुष्यास द्यावा, इतका सूक्ष्म विचार ज्या परंपरेने केला, त्या परंपरेतील चिकित्सकाने प्रत्येक सांधेदुखीवर सवयीने एक गुग्गुळकल्प लिहून मोकळे होणे शोभत नाही. जेथे निर्गुंडी, रास्ना, शुंठी वा स्नेहन-स्वेदन यांनी कार्य होईल तेथे गुग्गुळ राखून ठेवावा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाच्या प्रसंगी आत्रेय मुनी गंगातीरी अग्निवेशास सांगतात की, भूमी विकृत होऊन औषधींचे रस व वीर्य नष्ट होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करून ठेवावा. आजवर हा उपदेश संग्रहाचा म्हणूनच वाचला होता. त्या उतारावर उभे राहिल्यावर जाणवले की औषधाचे सामर्थ्य भूमीच्या स्वास्थ्यावर अवलंबून आहे, हे त्यातील गृहीत तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. ज्या भूमीला आचार्यांनी आरोग्यदायी देशांत अग्रस्थान दिले तिचेच आरोग्य आमच्या मागणीने बिघडत असेल, तर त्या निदानात हेतू म्हणून आमचीही नोंद झाली पाहिजे.

परत आल्यावर चिकित्सालयातील गुग्गुळाचा डबा उघडला. गंध तोच होता. त्या दिवशी पुरवठादारास प्रथमच पत्र लिहून माल कोठून येतो ते विचारले. उत्तर अद्याप आलेले नाही. आल्यावर याच पृष्ठांतून कळवीन. वाचक वैद्यबंधू-भगिनींनी व औषधीनिर्मात्यांनीही आपापल्या पुरवठादारास हाच प्रश्न विचारावा आणि मिळालेली उत्तरे, तसेच लागवडीचे अनुभव असल्यास तेही, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.