तारपा थांबतच नाही!

भाताची कापणी होत आली, रात्री गारवा सुटला, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काय घुमतं? ओळख पाहू!

तारपा!

वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मेण. झालं वाद्य तयार! मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची लांबलचक साखळी. वारली चित्रात ते वेटोळं पाहिलं असशील ना? तेच हे!

आता नीट कान दे. सूर मधे कुठे तुटतोय का? छे! जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आजोबा तर नव्वदी ओलांडलेले तारपावादक. 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली! पण सूर तुटतच नाही, मग तारपा वाजवणारे श्वास घेतात तरी कधी?

गुपित गालात आहे!

शाळेतली वीज जाते, पंप बंद पडतो, तरी नळाला पाणी येतच राहतं. का? वर टाकी भरलेली असते ना! तारपा वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल म्हणजे तीच टाकी. गालातली हवा तारप्यात जात असते आणि नेमकं तेव्हाच नाकानं नवा श्वास आत. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर!

गालातली हवा दाबणाऱ्या स्नायूला डॉक्टर 'बक्सिनेटर' म्हणतात. हा लॅटिन शब्द. अर्थ सांगू? तुतारी वाजवणारा! तुझ्याही दोन्ही गालांत एकेक तुतारीवाला बसलाय. आहेस कुठे!

आणखी एक गंमत. स्नायूला ढकलता येतच नाही! त्याला फक्त आखडता येतं, म्हणजे ओढता येतं. म्हणून स्नायू जोडीनं काम करतात, अगदी रस्सीखेच! नाचताना मांडीच्या मागचे स्नायू ओढतात, गुडघा वाकतो. पुढचे ओढतात, पाय सरळ. एकानं ओढलं की दुसऱ्यानं दोर सैल सोडायचा.

हे झाले हुकमी स्नायू. तू म्हणशील तसं वागणारे. असे सहाशेहून जास्त आहेत तुझ्याकडे!

पण त्यांच्यातही दोन स्वभाव बरं का. घरी कोंबडी शिजली की ताटात बघ. तंगडी गडद, छातीचं मांस फिकट. असं का? कोंबडी दिवसभर अंगणात चालते. तिच्या पायात न दमणारे, सावकाश धागे जास्त. ते प्राणवायू साठवून ठेवतात, तोही एका लाल पदार्थात, म्हणून गडद! छातीतले धागे झटपट. कुत्रा धावून आला की फडफड, फडफड... आणि लगेच दम संपला! तुझ्या पायात दोन्ही मिसळलेले आहेत. कबड्डीत उडी मारायला झटपट धागे, रात्रभर तारपा नाचायला सावकाश.

काही स्नायू मात्र तुझं मुळीच ऐकत नाहीत! पोटात, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ते गुपचूप बसलेत. नाच रंगला की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीचे सैल पडतात, पोटाकडच्यांचे आवळतात. शेतात बांध फोडून पाणी वळवतात ना, तसं रक्त पायांकडे वळतं. थंडीत अंगावर काटा येतो? तोही यांचाच उद्योग. जवळजवळ प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू!

तिसरा प्रकार एकाच जागी सापडतो. हृदयात! दिवसाला साधारण एक लाख ठोके. मधली सुट्टी नाही, रविवार नाही, दिवाळीची सुट्टीसुद्धा नाही. तारपा निदान पहाटे तरी थांबतो!

चल, आता तुझी पाळी. पेल्यात पाणी घे, नळी बुडव आणि फुंकत राहा. बुडबुडे येतायत? आता गाल फुगव, गालातली हवा नळीत सोड आणि त्याच वेळी नाकानं श्वास घे.

बुडबुडे थांबले? पाणी नाकात गेलं? हसतोय कोण तिकडे! पुन्हा कर.