तार कुणाची, जबाबदारी कुणाची?
खांदा कॉलनीत परांचीवर चढलेला पेंटर आपण पाहतोच. त्याला विजेच्या तारेचा शॉक बसला, तर "त्याचीच चूक" म्हणून आपण मोकळे होतो. कायदा तसा मोकळा होऊ देत नाही.

1997 साली मध्य प्रदेशात सायकलवरून घरी निघालेला कामगार रस्त्यावर पडलेल्या तारेच्या शॉकने गेला. तार वीजचोराने टाकली, असं वीज मंडळ म्हणालं. सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये हा बचाव फेटाळला. धोकादायक वीज वाहून नेणारा जबाबदारच, चूक सिद्ध होवो न होवो!

कामावर अपघात झाला तर मालकानेही भरपाई द्यायची, हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासूनचं. माणूस ठेकेदाराचा, ही सबब चालत नाही.

उद्या साइटवर आपणच इंजिनिअर असू. तेव्हा परांची बांधण्याआधी लाइन बंद करून घ्यायची, एवढं लक्षात ठेवूया.