डिपॉझिट तुमचंच आहे

कोथरूडचा फ्लॅट सोडताना घरमालक म्हणाले, "रंगकामाचे अठरा हजार कापून बाकीचे देतो." मी करारनामा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "काका, यात 'नैसर्गिक झीज वगळता' असं लिहिलंय. भिंत मळली, नळाचा वॉशर झिजला, तर ते नुकसान नाही. काही फोडलं असेल तर बिल दाखवा, मी भरते." बिल नव्हतंच. राहायला आले त्या दिवशी काढलेला व्हिडिओही माझ्या फोनमध्ये होता. पूर्ण रक्कम मिळाली.

नोकरीसाठी पुण्यात येणारी कितीतरी मुलं शहर बदलताना असे पैसे सोडून देतात. मला याचा संताप येतो, कारण कायदा त्यांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं विरुद्ध पुरावा येईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. डिपॉझिट बँकेतून दिलं असेल, तर ते दिल्याचा वाद उरतच नाही.

टाळाटाळ सुरू झालीच तर आधी लेखी मागणी करा, मग वकिलाची नोटीस पाठवा. दिवाणी दाव्यासाठी साधारण 3 वर्षांची मुदत असते. पण तिथवर जाऊ नये म्हणून किल्ली आणि पैसे यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करा, आणि किल्ली दिल्याची लेखी पोच घ्या.