मल्लखांब, धाव आणि देहातील अंतःस्राव

उज्जैन म्हटले की महाकाळाचे नाव प्रथम ओठी येते. परंतु मल्लखांबाच्या इतिहासातही या नगरीस मानाचे स्थान आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या विद्येची स्वतंत्र अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा जानेवारी १९८१ मध्ये येथेच भरली, आणि २०२० साली येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांस द्रोणाचार्य पुरस्कार लाभला.

खांबावरची कसरत हा बळाचा व्यायाम, धावणे हा दमाचा. दोन्हींची जोड दिली असता शरीरातील हॉर्मोन, म्हणजे अंतःस्राव, बिघडतात काय, असे पालक विचारतात. त्यांचे समाधान करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जोरकस कसरतीनंतर टेस्टोस्टेरॉन व वाढीचा अंतःस्राव वाढतात खरे; पण तासाभरात ही भरती ओसरते, आणि स्नायूंची वाढ तिच्यावर फारशी अवलंबून नसते. सबब ‘हॉर्मोन वाढविणारे’ म्हणून विकले जाणारे डबे घेण्यापेक्षा डाळ, दूध व अंडी घ्यावीत हे बरे! लाभ दिसतो तो इन्सुलिनच्या बाबतीत. दोन्ही व्यायामांनी स्नायू त्यास अधिक दाद देऊ लागतात. कॅनडात २५१ मधुमेही रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तशर्करेवर सर्वांत चांगला ताबा दोन्ही व्यायाम करणाऱ्यांना मिळाला.

अतिरेकाची गोष्ट वेगळी. १९८० साली अमेरिकेत हिक्सन यांनी काही जणांकडून आठवड्यात पाच दिवस बळाचे व सहा दिवस दमाचे व्यायाम करविले. दहा आठवड्यांच्या अखेरीस त्यांचे बळ वाढावयाचे थांबून उलट घटू लागले. विश्रांतीविना दीर्घ श्रम केल्यास कॉर्टिसॉल हा ताणाचा अंतःस्रावही चढा राहू शकतो.

आम्हांस खरी चिंता वाटते ती मुलींची. दोरीवर व खांबावर त्या आज मुलांच्या बरोबरीने चढतात. मात्र अंग हलके राहावे म्हणून जेवण तोडले जाते. श्रम दुहेरी आणि अन्न अपुरे, अशा स्थितीत मेंदू बीजकोशांस द्यावयाचे संदेश आवरता घेतो, इस्ट्रोजेन घटते, मासिक पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी थांबणे हे कष्टाळूपणाचे लक्षण समजून कित्येक माता निश्चिंत राहतात. तसे मुळीच नव्हे. सरावापूर्वी मुलीच्या पोटात काही आहे की नाही ते पाहावे, आठवड्यातून एखादा दिवस पूर्ण विसावा द्यावा, आणि सुरू झालेली पाळी तीन महिने न आल्यास, स्पर्धा तोंडावर असली तरी, तिला डॉक्टरांकडे न्यावे.