आधी ताप होता का?

नानांच्या हातून चहाची कपबशी निसटली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. चार दिवस ताप आणि खोकला होता, म्हणून मी म्हटले, ‘‘अशक्तपणा आलाय नाना, पडून राहा जरा.’’ त्यांनी काहीतरी उत्तर दिले. शब्द जड वाटले. तेही मी तापाच्याच खाती टाकले. अकरा वाजता उजवा हात उचलेना आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसले, तेव्हा कुठे आमची धावाधाव सुरू झाली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पाहिला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. गुठळीने वाट अडवली होती. त्यांनी दोन प्रश्न विचारले. त्रास कधी सुरू झाला? आणि आधी ताप होता का? पहिल्याचे उत्तर देताना माझी मान खाली गेली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ आम्ही पांघरुणे नीट करण्यात घालवली होती.

दुसरा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. छातीतल्या कफाचा मेंदूशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. अंगात जंतू शिरले की शरीर पांढऱ्या पेशी लढायला धाडते, आणि जंतू पसरू नयेत म्हणून रक्त गोठवण्याचीही तयारी करते. डॉक्टर ज्याला दाह म्हणतात, त्याचाच हा भाग. यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवते. गुठळीचे धागे त्याचेच असतात. प्लेटलेट्स चिकट होतात. रक्तवाहिनीचे एरवी गुळगुळीत असणारे अस्तर रक्त धरून ठेवू लागते. विशीतल्या मुलाला हे कळतही नाही. सत्तरीतल्या, चरबीचे थर साचलेल्या रक्तवाहिनीत मात्र तोच थर सुजून फुटू शकतो आणि तिथे गुठळी धरते.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदी तपासून २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या संसर्गाचे निदान झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरत जातो, असे त्यात दिसले. फ्लूच्या लशीनंतर तो वाढलेला आढळला नाही. (आमच्या घरात लशीला कोण घाबरत होते, ते सांगत नाही.) त्याच वर्षी बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की काही पांढऱ्या पेशी आपल्यातला डीएनए बाहेर फेकून त्याच्या जाळ्यात जंतू पकडतात. पुढे पक्षाघाताच्या रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्यांतही हीच जाळी सापडली. अशी गुठळी इंजेक्शनला सहजी दाद देत नाही.

मग दाह कमी करणारी गोळीच का देऊ नये? तोही प्रयत्न झाला. गाऊटवरचे कोल्चिसिन हे जुने औषध चीनमध्ये आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिले. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण काही घटले नाही.

शिवाय झटक्यानंतरही दाह थांबत नाही. मेंदूचा मेलेला भागच तो पेटता ठेवतो. गिळता येत नसेल तर घोट फुप्फुसात उतरतो, न्यूमोनिया होतो आणि रक्त पुन्हा गोठण्याकडे झुकते. म्हणून पहिल्या रात्री सिस्टरनी नानांना पाण्याचा थेंबही दिला नाही. ‘‘माणूस तहानेने व्याकूळ झालाय!’’ म्हणून आत्या त्यांच्यावर चिडल्या. दुसऱ्या दिवशी गिळण्याची तपासणी झाली, मगच चमच्याने पेज मिळाली.

नाना आता कप डाव्या हाताने धरतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा ताप आला, तेव्हा डॉक्टरांकडे नेऊन आणले आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे उभी राहू लागले: नाना, हसा बघू. दोन्ही हात वर करा. नाव सांगा. उजवा हात पूर्वीइतका वर जात नाही, पण किती जातो ते आता मला पाठ आहे. तिसऱ्या दिवशी ते वैतागले.

‘‘नाव तेच आहे,’’ म्हणाले, ‘‘चहा आण आधी.’’